पट सातने घटला, अनुदान निम्मे झाले: धारूर तालुक्यातील एका शाळेच्या खर्चाचे प्रकरण

बीड जिल्ह्यातील धारूर तालुका. बालाघाटाच्या रांगेवरचे गाव, पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा, चार खोल्या, चार शिक्षक. २०२२ च्या सप्टेंबरात पट १०४ होता, २०२३ च्या सप्टेंबरात ९७ झाला. पुढच्या वर्षी समग्र शिक्षा या शासकीय योजनेतले संयुक्त शाळा अनुदान आले ते ५०,००० ऐवजी २५,००० रुपये. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पाचवीतल्या एका मुलीच्या आईने विचारलेला प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहे: "सर, सात लेकरं कमी झाली म्हणून लाईट काय अर्धीच जळती का? झाडायचं अंगण अर्धं झालं का?"

एक गोष्ट आधीच सांगतो. ही शाळा मांडणीसाठी घेतलेली आहे. पट, शिक्षकांची सेवा आणि किरकोळ खर्चाचे आकडे मी धरलेले आहेत. अनुदानाचे टप्पे, वेतनश्रेणी, महागाई भत्ता आणि आहाराचे दर शासनाचे आहेत. समित्यांच्या प्रशिक्षणात खर्चाचा विषय निघाला की चर्चा "पैसे कमी पडतात" या वाक्यावर येऊन थांबते. कुठल्या वर्षी, कशामुळे आणि कुणाच्या हातचे पैसे कमी पडले हे समोर यावे म्हणून एकाच शाळेची कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, पंधरा-सोळा वर्षे मागे नेऊन वाचायची आहे.

कीर्दीची जुनी पाने

२००९-१० चे पान उघडले तर तेव्हा सर्व शिक्षा अभियान चालू होते. पट १४८, शिक्षक पाच, वर्ग चौथीपर्यंत. शाळेच्या हातात वर्षाला तीन रकमा यायच्या: शाळा अनुदान ५,०००, देखभाल-दुरुस्ती १०,००० (तीनपेक्षा जास्त खोल्या असल्या तर, नाहीतर ५,०००) आणि शिक्षक अनुदान प्रत्येकी ५०० प्रमाणे २,५००. एकूण १७,५००. शिक्षक अनुदानातून तक्ते, कार्डशीट, मणी, काड्या यायच्या. पुढे ते बंद झाले आणि आकडा १५,००० वर आला. तो वर्षानुवर्षे तिथेच राहिला.

या रकमा मुलांच्या संख्येवर ठरत नव्हत्या हे लक्षात घ्या. दीडशे मुलांची शाळा असो की साठ मुलांची, शाळा अनुदान तेवढेच. देखभालीचे पैसे खोल्या मोजून. रक्कम तुटपुंजी होती, पण तिच्यामागचा हिशेब खर्चाच्या स्वभावाला धरून होता. छताला गळती लागते ती खोलीगणिक.

२०१८-१९ मध्ये सर्व शिक्षा, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या योजना एकत्र करून समग्र शिक्षा आली. वेगवेगळी अनुदाने जाऊन एकच संयुक्त अनुदान झाले आणि ते पटाच्या टप्प्यांवर बसवले गेले. आजचे टप्पे असे: ३० पर्यंत १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्याच्या वर एक लाख. आपल्या शाळेचा पट तेव्हा ११२. म्हणजे १५,००० वरून एकदम ५०,०००. त्या वर्षी समितीने चार खोल्यांना रंग दिला, हातधुण्याची जागा बांधली, खिडक्यांच्या तुटलेल्या झडपा बदलल्या. मुख्याध्यापक आजही ते वर्ष आठवून सांगतात, आणि ते खरेच चांगले वर्ष होते.

त्यानंतर ५०,००० चा आकडा हलला नाही. मधल्या काळात ग्राहक किंमत निर्देशांक २०१८-१९ पासून २०२४-२५ पर्यंत एक तृतीयांशाहून जास्त वर गेला. रंगाचा डबा, झाडू, फिनेल, बल्ब, प्लंबरची मजुरी, सगळे त्याच वाटेने गेले. म्हणजे पट १०० च्या वर राहिला असता तरी शाळेच्या हातचा पैसा दरवर्षी थोडा थोडा झिजतच होता. टप्पा ओलांडल्यावर ती झीज उघडी पडली. २०२४-२५ चे २५,००० रुपये २०१८-१९ च्या भावात मोजले तर साधारण १८,००० भरतात. १५,००० पासून निघालेली शाळा एवढा मोठा फेरा घालून जवळपास तिथेच परत आली.

पगाराची ओळ

शाळेचा "एकूण वार्षिक खर्च" विचारला की जो आकडा सांगितला जातो त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग वेतनाचा असतो. हा पैसा शाळेच्या खात्यात येत नाही, शालार्थ या वेतनप्रणालीतून थेट शिक्षकाच्या खात्यात जातो. समितीला तो दिसत नाही, म्हणून बैठकीत त्यावर बोलणेही होत नाही. बोलायला हवे. शाळेचा खर्च "वाढला" असे जिल्ह्याच्या कागदात दिसते तेव्हा वाढलेली ओळ बहुतेक वेळा हीच असते.

सातवा वेतन आयोग राज्यात जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष पगारात आला. प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-१०, सुरुवात २९,२००. त्या महिन्यापासून लागू झालेल्या १२ टक्के महागाई भत्त्यासह या टप्प्यावरच्या शिक्षकाचे वेतन ३२,७०४ रुपये होते, घरभाडे वगळून. दर जुलैला वेतनवाढ. सहा वाढींनंतर मूळ वेतन ३४,९००, जानेवारी २०२५ चा महागाई भत्ता ५५ टक्के, बेरीज ५४,०९५. सहा वर्षांत ६५ टक्के वाढ. शिक्षक तोच, वर्ग तोच, खोलीही तीच.

आता पूर्ण शाळा घ्या. तीन शिक्षक वर सांगितलेल्या टप्प्यावर आणि चौथे ज्येष्ठ, ज्यांचे मूळ वेतन जानेवारी २०२५ ला ७०,००० धरू. ५५ टक्के भत्त्यासह त्यांचे १,०८,५००. चौघांचे मिळून महिन्याला २,७०,७८५, वर्षाला साडेबत्तीस लाखांच्या आसपास. हेच चौघे २०१९ च्या सुरुवातीच्या दराने वर्षाला साधारण १९ लाख ६५ हजार घेत होते. तेव्हा पट ११२, आता ९७. एका मुलामागचा वेतनखर्च साडेसतरा हजारांवरून साडेतेहतीस हजारांवर गेला. जवळजवळ दुप्पट.

"एका विद्यार्थ्यामागे सरकार एवढे खर्च करते, तरी शाळा अशा का?" हा प्रश्न याच आकड्याच्या जोरावर विचारला जातो. तो अर्धवट आकड्यावरचा प्रश्न आहे. त्या दुपटीतला बहुतांश भाग महागाई भत्ता आणि वेतनवाढ यांचा, उरलेला पट घटल्याचा. मुलाच्या हातात, वर्गाच्या भिंतीवर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीत त्यातला एक रुपयाही जास्तीचा पोहोचलेला नाही. शिक्षकाचा पगार जास्त आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. महागाई भत्ता असतोच महागाईसाठी, आणि तो द्यायलाच हवा. म्हणणे एवढेच की महागाई शिक्षकाला लागते तशी शाळेच्या पाण्याच्या मोटारीलाही लागते, फ्यूजलाही लागते, आणि तिथे भत्ता नाही. शाळेचे वर्षभराचे २५,००० हे एका शिक्षकाच्या जेमतेम चौदा दिवसांच्या वेतनाएवढे आहेत.

याच ओळीत आणखी एक वळण येते. ज्येष्ठ गुरुजी मे २०२५ अखेर अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होतात. त्यांच्या जागी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणारा शिक्षक) आला, तर त्याचे मानधन दरमहा १६,०००. जानेवारी २०२३ पर्यंत ते ६,००० होते, आणि ही योजना २००० साली सुरू झाली तेव्हा ३,०००. १,०८,५०० च्या जागी १६,००० आले की महिन्याला ९२,५०० कमी, वर्षाला अकरा लाख दहा हजार. शाळेचा वार्षिक खर्च एका वर्षात एक तृतीयांश उतरतो. कागद पाहणाऱ्याला वाटेल शाळेने मोठी काटकसर केली. तीन वर्षांनी सेवक नियमित वेतनश्रेणीत आला की तोच खर्च पुन्हा उडी मारेल, आणि तेव्हा कुणी म्हणेल उधळपट्टी झाली. दोन्ही वेळा शाळेत काहीच बदललेले नसेल. निवृत्त गुरुजींचे पेन्शन शाळेच्या हिशेबात येत नाही, म्हणून सरकारची खरी बचतही तेवढी नसते. पद रिकामेच राहिले तर आकडा अजून सुंदर दिसतो आणि तीन शिक्षक पाच वर्ग सांभाळत बसतात. रिक्त पदाची बचत ही शाळेच्या खर्चातली सर्वांत महाग ओळ आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तिची किंमत दुसरीतल्या मुलाच्या वाचनात मोजावी लागते.

सात मुले आणि न घटलेल्या ओळी

समितीने २०२४-२५ साठी कागद घेऊन यादी लिहिली. वीजबिल ९,०००. पाणी आणि मोटार दुरुस्ती ६,०००. स्वच्छतेचे साहित्य ५,०००. रजिस्टर, छपाई, स्टेशनरी ४,५००. इंटरनेट ३,६००. किरकोळ दुरुस्ती ८,०००. राष्ट्रीय सण आणि बालसभेचे कार्यक्रम ३,०००. बेरीज ३९,१००. मग प्रत्येक ओळीसमोर प्रश्न ठेवला: सात मुले कमी झाल्याने ही ओळ किती उतरली? स्टेशनरीत दोन-चारशे. बाकी सगळीकडे शून्य.

वीजबिल हातात घेऊन पाहिले तर हे जास्त नीट कळते. मे महिन्यात शाळा बंद, खोल्यांना कुलूप. तरी बिल येते, कारण स्थिर आकार मीटर चालो न चालो लागतोच. त्यावर वीज आकार, वहन आकार. एक बिल थकले की पुढच्या बिलात व्याज आणि विलंब आकार. थकबाकी वाढली की लाइनमन येऊन वायर काढून जातो. मग २०१६-१७ मध्ये गावाने वर्गणी करून घेतलेला टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर लोकसहभागातून डिजिटल शाळा करण्याची लाट मराठवाड्यातही जोरात आली होती. गावोगावी लोकांनी मनापासून पैसे दिले. वस्तू घेण्याचा खर्च एकदाच लोकांनी उचलला, चालवण्याचा खर्च कायमचा शाळेच्या अंगावर आला, आणि तो उचलायला कुठलेही अनुदान वाढले नाही. इन्व्हर्टरची बॅटरी तीन-चार वर्षांत बसते. ती बदलायची तर वर्षाच्या अनुदानातला मोठा घास जातो.

शिक्षकसंख्येचे टप्पे वेगळे आहेत, तेही या कागदावर मांडले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पट ९७ असल्याने चार पदे टिकली. आणखी सात मुले गेली तर पट ९० आणि शिक्षक तीन. म्हणजे १०४ वरून ९७ वर येताना पंचवीस हजार गेले, ९७ वरून ९० वर आले तर एक शिक्षक जाईल. मुले एकेक करून कमी होतात, पैसा आणि माणूस मात्र पायरीवरून पडतात. पायरीच्या अगदी काठावर उभ्या असलेल्या शाळांना तीन-चार वर्षे आधीपासून हे दिसायला हवे. दरवर्षीची जन्मनोंद आणि अंगणवाडीतला पट पाहिला तर दिसतेही.

पट का घटतो याचे उत्तर या गावात तीन ठिकाणी आहे. घरात मुले कमी जन्मतात, हे पहिले. तालुक्याच्या गावाहून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी सकाळी येते, हे दुसरे. तिसरे ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते उचलून जोड्या कारखान्यांकडे निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलला परततात. यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) आणि संच मान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी) यांसाठी पट ३० सप्टेंबरचा धरतात. तेव्हा टोळ्या निघालेल्या नसतात, म्हणून अनुदानाच्या हिशेबात ही मुले बहुतेक येतात. पण नोव्हेंबरपासून हजेरी खाली जाते. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मिळाले तर हजेरी टिकते. नाही मिळाले तर मूल फडावर जाते, हातात दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेले शिक्षण हमी कार्ड घेऊन किंवा तेही न घेता.

आहाराचा दर वाढतो, खडूचा नाही

मुलांच्या संख्येप्रमाणे खऱ्या अर्थाने हलणारी एकच ओळ शाळेत आहे, ती शालेय पोषण आहाराची. दररोज ताटावर बसलेल्या मुलांवर तिचा हिशेब. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि वर शिजवण्याचा खर्च. हा खर्च एप्रिल २०२० मध्ये मुलामागे ४ रुपये ९७ पैसे होता, ऑक्टोबर २०२२ ला ५.४५ झाला, डिसेंबर २०२४ ला ६.१९, मे २०२५ ला ६.७८. पाच वर्षांत ३६ टक्के. ९७ मुले आणि दोनशे दिवस धरले तर मे २०२५ च्या दराने वर्षाला १,३१,५३२ रुपये होतात. ही रक्कमही सगळी शाळेच्या हातात येत नाही. ग्रामीण भागात डाळी, तेल, मसाला पुरवठादाराकडून येतो. इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे शाळेकडे. खिचडी शिजवणाऱ्या मावशींचे मानधन राज्याने २०२३ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० केले. वाढ चांगली, रक्कम अजूनही लाज वाटावी एवढीच.

मला यात महत्त्वाची वाटते ती दर वाढवण्याची पद्धत. आहाराचा दर ठरवताना श्रम ब्युरोचा ग्रामीण मजुरांचा ग्राहक मूल्य निर्देशांक पाहिला जातो. डाळ आणि तेल महागले की उशिरा का होईना, दर हलतो. त्याच शाळेच्या त्याच मुलासाठी असलेले संयुक्त अनुदान मात्र २०१८-१९ पासून त्याच आकड्यांवर उभे आहे. एकाच सरकारला एका ओळीत महागाई दिसते आणि दुसऱ्या ओळीत दिसत नाही. शाळा अनुदानालाही हाच निर्देशांक लावा आणि निम्मी रक्कम खोल्यांवर, निम्मी पटावर ठरवा, ही मागणी समित्यांनी ठरावात लिहून वर पाठवावी असे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. नवी योजना त्यासाठी लागत नाही.

वेगळी पडलेली वर्षे

पंधरा वर्षांच्या आलेखात तीन वर्षे रेषेबाहेर आहेत.

२०१५-१६. मराठवाड्यातला भीषण दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच हंगामातली गोष्ट. बोअर आटला, शाळेला पाणी विकत घ्यावे लागले. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही आहार द्यावा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि आहाराची ओळ सुट्टीतही चालू राहिली. त्याच वर्षी लोकसहभाग जवळपास शून्य होता. वर्गणी सोयाबीन-कापूस चांगला झालेल्या वर्षी येते, टँकरच्या वर्षी येत नाही. शाळेला गरज सर्वांत जास्त तेव्हा गावाचा हात सर्वांत रिकामा असतो. लोकसहभागावर शाळा चालवा असे सांगणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या पावसाचे आकडे एकदा समोर ठेवावेत.

२०२०-२१. कोरोना. शाळा बंद, धान्य घरी वाटले, स्टेशनरी नाही, सण नाहीत. महागाई भत्ता जानेवारी २०२० पासून दीड वर्ष १७ टक्क्यांवर गोठवलेला. कीर्दीत हे सर्वांत स्वस्त वर्ष दिसते. प्रत्यक्षात खर्च पुढे ढकलला गेला होता. बंद खोल्यांत वाळवी लागली, मोटार जाम झाली, टाकीला तडा गेला. २०२१-२२ ला शाळा उघडली तेव्हा हे सगळे एकदम समोर आले, आणि भत्ताही १७ वरून एकदम २८ टक्क्यांवर गेला. म्हणून २०२०-२१ ला पायाभूत वर्ष धरून कुणी वाढ मोजत असेल तर ती मोजणी समितीने स्वीकारू नये.

२०२३-२४. राज्याने ऑक्टोबर २०२३ अखेर चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धारूर होता. पाण्याचा खर्च पुन्हा वर. आणि त्याच सप्टेंबरात पट ९७ नोंदवला गेला होता. दुष्काळात मोटारीवर आणि पाण्यावर खर्च करून बसलेल्या शाळेला पुढच्या वर्षी निम्मे अनुदान मिळाले. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण मार एकाच पाठीवर पडला.

गणवेशाची ओळ थोडक्यात सांगतो, कारण ती फसवी आहे. दोन गणवेशांचे मुलामागे ६०० रुपये समितीच्या खात्यातून खर्च व्हायचे. २०२४-२५ ला राज्याने कापड एकत्र खरेदी करून बचत गटांकडून शिवून देण्याचे ठरवले, तेव्हा ही ओळ शाळेच्या हिशेबातून गेली. पुढच्या वर्षापासून अधिकार पुन्हा समितीकडे आले आणि ओळ परतली. एका वर्षी शाळेचा खर्च साठ हजारांच्या आसपास उतरला आणि पुढच्या वर्षी चढला, असे नुसते आकडे पाहणाऱ्याला वाटेल. हिशेब फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला होता.

एकतीस मार्च

वर्षभरात खर्च कधी होतो, हेही बदलले आहे. पूर्वी अनुदान समितीच्या बचत खात्यात जमा व्हायचे. उरलेले पुढे वापरता यायचे, थोडे व्याज पडायचे. मुख्याध्यापक चार-पाच हजार राखून ठेवायचे आणि जूनच्या पहिल्या पावसात गळती निघाली की तेवढ्यात काम भागायचे. २०२१-२२ पासून एकल नोडल खात्याची, म्हणजे योजनेचा पैसा वरच्या एकाच खात्यात ठेवण्याची पद्धत आली. शाळेचे खाते शून्य शिलकीचे, पीएफएमएस या सरकारी पेमेंट पोर्टलवर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. दरपत्रके, जीएसटीचे बिल, समितीचा ठराव, मग पोर्टलवर एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची, पेमेंट अॅडव्हाइस काढून सह्या, तेव्हा पैसा थेट दुकानदाराच्या खात्यात. पारदर्शकता वाढली, हे मी मान्य करतो. पण मर्यादा अनेकदा वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत येते, कधी अर्धीच, आणि ३१ मार्चला न वापरलेली परत जाते. छताचे काम एप्रिल-मेमध्ये करायचे असते, पैसा मार्चमध्ये संपवायचा असतो. मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जे दुकानात असेल ते घेतले जाते. साठा नोंदवहीत एकाच तारखेला झाडूंचे पाच डझन दिसले तर मुख्याध्यापकांना दोष देण्याआधी मर्यादा कोणत्या तारखेला आली ते पाहावे.

यातली सर्वांत जड बाब छताची आहे. शाळेच्या दोन स्लॅबच्या खोल्या सर्व शिक्षा अभियानात एकाच वर्षी बांधलेल्या. आता वीस वर्षांच्या जवळ. एकाच योजनेत बांधलेल्या खोल्या एकाच वेळी गळू लागतात, आणि अशा खोल्या तालुक्यात गावोगाव आहेत. ही दुरुस्ती २५,००० त काय, ५०,००० तही बसणारी नाही.

समितीने काय ठरवले

बैठकीत एकाने सुचवले की चार नावे वाढवली तर पट १०१ होतो. समितीने ते नाकारले, आणि बरे केले. आधार पडताळणी झालेलाच पट आता धरला जातो, आणि खोट्या नावावर आलेला पैसा कधीतरी शिक्षकाच्या मानेवर येतो. त्याऐवजी उलटी बाजू तपासली: खरोखर शाळेत असलेल्या पण आधारच्या चुकीमुळे न धरल्या गेलेल्या मुलांची यादी. दोन नावे निघाली. एकाच्या जन्मतारखेत फरक, दुसऱ्याच्या नावात. ती सप्टेंबरआधी दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी दोन पालकांनी घेतली. पट ९९ होईल, १०१ नाही. टप्पा त्याने बदलत नाही, पण ९० च्या काठापासून शाळा दोन पावले दूर जाते.

मग ३९,१०० च्या यादीतल्या ओळी वाटून टाकल्या. पाणी-मोटार आणि स्वच्छता या दोन ओळी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायच्या, कारण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता आणि शाळेची टाकी, मोटार, शौचालय त्यात बसते. त्यासाठी मुख्याध्यापकांनी पत्र देऊन भागत नाही. ग्रामसभेत विषय मांडून कार्यवृत्तात ओळ यावी लागते, म्हणून समितीतल्या महिला सदस्यांनी ग्रामसभेला एकत्र जायचे ठरवले. या दोन ओळी निघाल्या की साधारण ११,००० चा भार उतरतो आणि यादी २८,१०० वर येते. उरलेली ३,१०० ची तूट लोकसहभागातून, पण चांगल्या वर्षी जास्त जमा करून वाईट वर्षाला ठेवायची. वर्गणीच्या पैशाची पावती आणि स्वतंत्र नोंदवही ठेवायची, अनुदानाच्या कीर्दीत तो मिसळायचा नाही.

छतासाठी पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक मागितले आहे. ते फोटो आणि ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा वार्षिक योजनेसाठी जाईल. मंजुरीला दोन वर्षे लागू शकतात, म्हणून अर्ज गळती असह्य होण्याची वाट न पाहता आताच दिला.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो. पूर्वी तो आदल्या आराखड्याची नक्कल करून भरला जायचा. या वेळी समितीने त्यात चार रकाने आखले: मुलांप्रमाणे हलणारा खर्च, खोल्यांप्रमाणे होणारा, वस्तूंच्या वयाप्रमाणे येणारा आणि दुष्काळाच्या वर्षी वाढणारा. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वस्तूसमोर घेतल्याचे वर्ष लिहिले. इन्व्हर्टरची बॅटरी २०२२, म्हणून बदल २०२६-२७ मध्ये. मोटार २०२१, रिवाइंडिंग एकदा झालेले, नवी २०२७-२८ ला धरलेली. वेतनाची ओळ समितीच्या हातात नसली तरी आराखड्याच्या शेवटी ती वेगळी लिहिली, आणि शिक्षण सेवक नियमित होण्याचे वर्ष त्यात नोंदवले, म्हणजे तेव्हा खर्च का उडाला हे विचारणाऱ्याला पान दाखवता येईल. आराखडा आणि अनुदानाला निर्देशांक लावण्याच्या मागणीचा ठराव, दोन्ही एकाच पाकिटात केंद्रप्रमुखांकडे गेले आहेत.